सार्जंट रेकलेसचं मॉडेल घ्यावं का?
काळा घोडाजवळच्या एका छोट्या दुकानातून भाच्यासाठी सार्जंट रेकलेसचं मॉडेल घेतलं, १४०० रुपये. रेकलेस ही युद्धात गाजलेली घोडी आहे हां, दुकानदार शेवटपर्यंत घोडाच म्हणत होता! मूळची कोरियातली रेसची, १९५२ मध्ये अमेरिकन मरीन्सनी विकत घेतली आणि कोरियन युद्धात मार्च १९५३ च्या लढाईत एका दिवसात ५१ खेपा, गोळे डोंगरावर न्यायचे, जखमींना खाली आणायचं, बऱ्याच खेपांना तर सोबत माणूसही नाही, दोनदा जखमी झाली तरी थांबली नाही. २०१६ ला मरणोत्तर डिकिन मेडल, म्हणजे प्राण्यांच्या शौर्यासाठीचं ब्रिटिश पदक, मिळालं. मॉडेलचा तांबूस रंग मस्त, कपाळावरचा पांढरा पट्टाही बरोबर घेतलाय. पण पॅकिंग अगदीच भंगार, शेपूट लोकलमध्येच तुटलं, घरी येऊन फेविक्विकने चिकटवलं.