दोन्हीकडे चालणारा डिकोडर : वर्षभर वापरल्यानंतर

माझ्या एचओ मापाच्या (1:87) मॉडेल रेल्वेतल्या एका डिझेल इंजिनात आठ पिनांचा साधा डिकोडर (आज्ञा वाचून मोटर आणि दिवे चालवणारं छोटं सर्किट) बसवून वर्ष होत आलं. खोक्यावर ‘डिजिटल व अ‍ॅनालॉग’ असं छापलंय आणि ते खोटं नाही. (डिजिटल म्हणजे रुळांतून येणाऱ्या आज्ञांच्या पॅकेटवर चालणं, अ‍ॅनालॉग म्हणजे नॉबने रुळांतला व्होल्टेज कमी-जास्त करून चालवणं.) पण दोन्हीकडे सारखाच चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचं बरंचसं कुठल्याही डिकोडरला लागू आहे.

डिजिटलवर तक्रारीला जागा नाही. अगदी सावकाश रांगतं, शंटिंगला मजा येते.

अ‍ॅनालॉगवर गंमत सुरू होते. नॉब फिरवला की बिनडिकोडरचं इंजिन दोन-तीन व्होल्टलाच हलायला लागतं, हे मात्र ढिम्म. आतला प्रोसेसर जागा व्हायलाच पाच-सहा व्होल्ट खर्ची पडतात. आधी दिवे लागतात, मग हिसका देऊन गाडी सुटते. त्यामुळे साध्या इंजिनाला जोडून डबल-हेडिंग करायचा विचार सोडा, एक ओढतंय आणि दुसरं अडून बसलंय असं होतं. वीज तुटक झटक्यांत (पल्स) देणारा जुना कंट्रोलर असेल तर मोटर गुरगुरते. सपाट डीसी देणारा हवा. शिवाय इंजिन उचलून उलटं ठेवलं तरी ते त्याच दिशेला जातं, कारण अ‍ॅनालॉगवर दिशा रुळांची पोलॅरिटी ठरवते. डिजिटलवर ‘पुढे’ म्हणजे इंजिनाचं तोंड असेल तिकडे.

खरी डोकेदुखी डिजिटलवर असतानाच झाली. सांध्यावर चाक घसरून शॉर्ट झाला, बूस्टरने (रुळांना वीज पुरवणाऱ्या डब्याने) वीज तोडली आणि परत दिली, तेव्हा हेच इंजिन कुणी हुकूम न देता सुसाट सुटलं! डिजिटल रुळांवर चौदा-पंधरा व्होल्ट कायम असतात, वेग ठरतो तो पॅकेटमधल्या आज्ञेवर. वीज परतताना डिकोडरला पॅकेट ओळखू आलं नाही, तर समोरचा व्होल्टेज त्याला अ‍ॅनालॉगचा वाटतो, आणि तोही नॉब पुरता फिरवल्यासारखा. रूळ कळकट असतील तर हा प्रकार जास्त. आपल्याकडच्या धुळीत रूळ किती दिवस चकचकीत राहतात, ते सांगायला नको.

उपाय फुकटचा आहे. सीव्ही 29 (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली आकड्याने ठरणारी सेटिंग) मधून 4 वजा करा. कारखान्यातून बहुधा 6 येतो, त्याचा 2 होतो. लांब पत्ता (इंजिनाचा मोठा ओळख-क्रमांक) वापरत असाल तर 38 चा 34. अ‍ॅनालॉग बंद. तेव्हापासून एकदाही पळालेलं नाही. स्टे-अलाइव्ह कपॅसिटर (वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा) लावणाऱ्यांनी तर हे आधीच करावं.

एकाच लेआउटवर दोन्ही पद्धती ठेवणार असाल, तर मधोमध बंद होणारा डबल-पोल चेंजओव्हर स्विच बसवा आणि पूर्ण लेआउट एकदमच बदला. अर्धा भाग डिजिटल, अर्धा अ‍ॅनालॉग नको. चाकांनी मधली फट जोडली की दोन्ही वीजपुरवठे एकमेकांना भिडतात आणि कंट्रोलर जातो. बिनडिकोडरचं इंजिन डिजिटल रुळांवर उभं करून ठेवू नका, मोटर गुणगुणते आणि तापते. कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) असेल तर जळतेच.

मित्राच्या अ‍ॅनालॉग लेआउटवर न्यायचं असेल तेव्हा घरून निघण्यापूर्वी प्रोग्रॅमिंग रुळावर (सीव्ही बदलायच्या वेगळ्या रुळावर) ते 4 परत मिळवून ठेवतो. तिथे गेल्यावर नॉबने सीव्ही बदलता येत नाहीत.