चार नंबरच्या रॉडवर नऊ हजाराचं रील, आठ महिने वापरल्यावर

जूनचा पहिला आठवडा होता, मृग अजून बरसला नव्हता आणि आमच्या गावच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावात पाणी पार मधल्या खोलगट भागात गेलं होतं. सकाळी साडेपाचला मी चिलापीसाठी (टिलापिया) बारीक फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला खोटा किडा, टाकत होतो. दोन हात लाईन ओढली नसेल तर असा दणका बसला की रॉड मुठीपर्यंत वाकला. मरळ होती, सव्वा-दीड किलोची. ती सरळ कमळाच्या पानांकडे सुटली, हातातली सैल लाईन संपून रीलवर, म्हणजे लाईन गुंडाळायच्या चाकावर, आली आणि रीलनं धरलंच नाही. ड्रॅगचा, म्हणजे रीलच्या ब्रेकचा, नॉब गच्च पिळला तरी स्पूल (लाईनची चकरी) भिंगरीसारखी गरगर फिरत राहिली, लाईन जितकी बाहेर जात होती त्याच्यापेक्षा जास्त आत सैल होत गेली, मग सगळ्याचा गुंता होऊन अडकलं आणि टिपेट, म्हणजे लाईनच्या टोकाची बारीक दोरी, तुटली. मरळ गेली. नऊ हजार दोनशे रुपयांचं रील, म्हणजे आमच्याकडच्या चार क्विंटल धानाचे पैसे, आणि ऐन वेळेला त्यात ब्रेकच नाही. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही.

तरी पण आधी हे सांगतो की हे रील मी घेतलं ते ड्रॅगसाठी नव्हतंच, वजनासाठी होतं.

माझा रॉड साडेआठ फुटी, चार नंबरचा (नंबर म्हणजे तो किती वजनाच्या लाईनसाठी आहे ते), सोनाराच्या काट्यावर 84 ग्रॅम भरला. चार नंबरच्या लाईनचं माप ठरलेलं आहे, तिच्या पहिल्या 30 फुटांचं वजन 120 ग्रेन, म्हणजे 7.8 ग्रॅमच्या आसपास, पुरता एक तोळासुद्धा नाही. एवढ्याशा वजनावर अख्खा कास्ट, म्हणजे लाईन दूर फेकणं, उभा राहतो. आणि अशा रॉडला मी दोन वर्षं 172 ग्रॅमचं डायकास्ट (साच्यात ओतलेलं) रील लावून फिरत होतो, कारण ते 2,400 रुपयांना मिळालं होतं आणि डब्यावर पाच ते सात नंबर असं लिहिलेलं, मला वाटलं मोठं आहे तर चांगलंच असेल. लाईन आणि बॅकिंग (लाईनच्या मागची राखीव दोरी) भरून ते 199 ग्रॅम झालं. रॉड एका बोटावर तोलून धरला की तोल कॉर्कच्या मुठीच्या अगदी मागच्या टोकाला, रीलला चिकटून पडायचा आणि रॉडचं टोक आपोआप वर जायचं. अशा रॉडनं तासभर कास्ट केलं की अंगठ्याच्या मागची शीर दुखायला लागते आणि टोकाशी काय चाललंय ते मुठीत कळतच नाही. चिलापी फ्लाय तोंडात घेऊन थुंकून टाकते तरी हाताला पत्ता नाही.

तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे आहे, मी वर्षाचे पैसे भरतो आणि रोहू-कटला लागला तर परत सोडतो, असं ठरलेलं आहे. तिथले एक ढिवर काका रोज जाळं घेऊन येतात. नवीन रील पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, बारीक मासा तं तू हातानंच वडतेस, मंग या चाकाले एवढे पैसे काहून देल्ले?" प्रश्न एकदम बरोबर आहे. पाव किलोच्या चिलापीला रील लागत नाही, लाईन बोटांनी ओढून घ्यायची, रील नुसतं लाईन ठेवायची जागा. मी त्यांना सांगितलं की काका, हे चाक तोलासाठी आहे, आणि रॉड त्यांच्या एका बोटावर ठेवला. तो हलला नाही, आडवा राहिला. त्यांनी मान हलवली.

नवीन रील 112 ग्रॅमचं, लाईन-बॅकिंगसकट 138. ॲल्युमिनियमच्या सळीतून मशीनवर कोरलेलं, साच्यात ओतलेलं नाही. जुनं ओतीव रील एकदा तलावाच्या पाळीवरच्या दगडावर पडलं तर फ्रेमला तडा गेला होता, हे नवीन दोनदा पडलंय, कडेला खरचटलं पण फिरायला घासत नाही. तोल बघायची एक गोष्ट मात्र सगळे चुकवतात, म्हणून ती नीट लिहितो. रिकामं रील रिकाम्या रॉडला लावून तोल बघायचा नाही. लाईन भरायची, कड्यांमधून ओवायची, आपण नेहमी जेवढी टाकतो तेवढी, माझ्याबाबतीत आठ-नऊ मीटर, टोकाबाहेर काढून जमिनीवर पसरायची, आणि मग बोटावर धरायचं. बोट कॉर्कच्या पुढच्या अर्ध्यात, जिथे कास्ट करताना अंगठ्याखालचं पहिलं बोट येतं तिथे आलं पाहिजे. दुकानात कोणी हे करू देत नाही, आणि ऑनलाईन घेताना तर फक्त रिकामं वजन दिलेलं असतं, म्हणून त्यात पंचवीस-तीस ग्रॅम आपले आपण मिळवायचे.

आणि हलकं म्हणजे चांगलंच असंही नाही. हे मला साकोलीकडच्या एका मित्रानं दिलेल्या रीलवर कळलं. त्याचं तीन नंबरचं, 85 ग्रॅमचं, हातात घेतलं की पीस. माझ्या रॉडला लावलं तर टोक खाली झुकायला लागलं आणि ते वर ठेवायला दिवसभर करंगळीनं मागून दाबून धरावं लागलं. हिशोब सोपा आहे. रॉडचं टोक मुठीपासून आठ फुटांवर, रील जेमतेम चार इंचांवर. टोकाला एक ग्रॅम वाढला तर तो तोलायला खाली वीस-पंचवीस ग्रॅम लागतात. त्यामुळे रॉड लांब झाला की रील थोडं जड लागतंच, साडेसात फुटीला जे बसतं ते नऊ फुटीला बसेलच असं नाही. माझ्या रॉडला 105 ते 120 च्या मधलं रिकामं रील बसतं, हे मी तीन रीलं लावून पाहून सांगतोय.

तर ऑक्टोबर ते मार्च, सहा महिने मी खुश होतो, गावात भेटेल त्याला सांगत होतो. हिवाळ्यात सकाळी धुक्यात तीन-तीन तास कास्ट केलं, मनगट दुखलं नाही. चिलापी, म्हणजे ती 1952 साली भारतात आणलेली आफ्रिकेची मासोळी, आता आमच्या सगळ्या तलावांत झालीय आणि ती कितीही पकडली तरी कोणाची हरकत नसते. तिचा हलकासा ओढा आता कोपरापर्यंत कळायचा. एप्रिलमध्ये लाईन चिकट झाली कारण ती थंड पाण्याची होती, आपल्याकडे 44-45 डिग्रीत ती शेवयासारखी लोळते, गरम पाण्याची लाईन घ्या, पण ते रीलचं पाप नाही.

आता मरळीकडे येतो, कारण सगळं तिथेच अडलंय.

घरी रील उघडलं. स्पूल काढली की मधे एक दांडी, दांडीवर कार्बनच्या चकत्यांचा ड्रॅग, आणि स्पूलच्या पोटात एक बारकं वन-वे बेअरिंग. हे बेअरिंग म्हणजे रीलचा जीव. लाईन गुंडाळताना ते मोकळं फिरतं, आणि मासा लाईन ओढायला लागला की त्यातले सुईसारखे रोलर उतारावर अडकून दांडीला आवळतात, तेव्हा कुठे ड्रॅगच्या चकत्या फिरतात आणि ब्रेक लागतो. रोलर घसरले की ड्रॅगचा नॉब कितीही पिळा, काही उपयोग नाही, कारण स्पूलची ओढ चकत्यांपर्यंत पोचतच नाही. माझे रोलर घसरत होते. हातानं फिरवलं तर दहात सहा वेळा धरायचं, चार वेळा सुटायचं.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला कुरिअर करा, बघून सांगतो, महिना-दीड महिना लागेल, कुरिअरचा खर्च तुमचा. मी म्हटलं वॉरंटी एक वर्षाची आहे, आठच महिने झालेत. तो म्हणाला, तुम्ही उघडलंय का? मी खोटं बोललो नाही, म्हटलं हो, एप्रिलमध्ये उघडून ग्रीस भरलं होतं. झालं, लगेच म्हणाला वॉरंटी संपली. मी चिडलो, फोनवर आवाज चढला, कारण डब्यातल्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही की उघडू नका, उलट स्पूल काढून धुवा असं चित्र आहे. चार दिवस रोज फोन केला. मग त्यानं उचलणं बंद केलं. नऊ हजार घेताना दिवसातून दोनदा मेसेज करणारा माणूस असा गप्प बसतो, याचा मला अजून राग आहे.

पण इथे मला माझं म्हणणं बदलावं लागतंय. ग्रीस भरायला नको होतं. मी ट्रॅक्टरच्या ग्रीसगनचं घट्ट ग्रीस बोटानं सगळीकडे लावलं होतं, बेअरिंगमध्येसुद्धा. जुन्या रीलमध्ये कॉर्कचा ड्रॅग होता, त्याला ओलावा लागायचा, तीच सवय इथे लावली. या बेअरिंगच्या रोलरमागे केसाएवढ्या स्प्रिंगा असतात, घट्ट ग्रीस असलं की त्या रोलरला जागेवर ढकलू शकत नाहीत आणि रोलर घसरतात. त्यात तलाव आटलेला, गाळ उचललेला, बारीक काळी माती ग्रीसला चिकटलेली. पेट्रोलमध्ये धुतलं तर बशीत काळं पाणी उतरलं. वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घातले. मग दहात नऊ वेळा धरायला लागलं. पण दहावी वेळ मरळीची असली तर काय, म्हणून ते बेअरिंग काढलंच.

लाकडाच्या खुंटीवर हलकं ठोकून काढलं, सोनाराच्या कॅलिपरनं मोजलं: आतून 6 मिमी, बाहेरून 10, लांबी 12. हे काही रीलसाठी वेगळं बनवलेलं नाही, बाजारात नेहमी मिळणारं माप आहे. नागपूरला बायकोच्या दवाखान्याच्या कामानं जायचंच होतं, तिथे बेअरिंगच्या दुकानात माप सांगितलं, दुकानदारानं फळीवरून पुडी काढून दिली. 140 रुपये. दोन घेतली. एकशे चाळीस रुपयांच्या वस्तूसाठी मला दीड महिना थांबायला सांगत होते. बसवताना दिशा बघून बसवा, उलटं बसलं की डाव्या हाताचं रील उजव्याचं होतं. आणि खरं तर डाव्या-उजव्या हाताचं बदलायचं असलं तरी हेच उलटं करायचं असतं, त्याला सर्व्हिसवाल्याची गरज नाही.

बसवल्यावर मासे तोलायचा स्प्रिंगकाटा लाईनला बांधून ओढलं. माझी टिपेट 6 पौंडाची, म्हणजे पावणेतीन किलोला तुटणारी, ड्रॅग तिच्या चौथाईवर ठेवतो, सहाशे-सातशे ग्रॅमवर. काट्याचा काटा साडेसहाशेवर स्थिर राहिला, झटके नाहीत, पन्नास वेळा ओढलं, एकदाही सुटलं नाही.

आधी मी सगळ्यांना सांगायचो की हलक्या रॉडला ड्रॅगकडे बघू नका, वजन बघा. वजन आधी बघा असं अजूनही म्हणीन. पण घ्यायच्या आधी विकणाऱ्याला एवढं विचारा की आत वन-वे बेअरिंग कोणत्या मापाचं आहे आणि ते घरी काढता येतं का. सांगता येत नसेल तर दुसरीकडे बघा. ज्यांच्या तलावात मरळ नाही आणि नुसती चिलापीच धरायची, त्यांनी जुन्या पद्धतीचं, स्प्रिंग आणि खुंटीवर कटकट वाजणारं साधं रील घेतलं तरी चालेल, त्यात हे बेअरिंगच नसतं, मासा मोठा आला तर स्पूलच्या कडेला तळहात लावून थांबवायचं.

आता पाऊस लागलाय. मरळीची लाल पिल्लं गोळ्यानं वर यायला लागलीत, आईबाप खालीच राखण करत असतात, त्यामुळे पोळ्यापर्यंत मी मरळीच्या वाटेला जाणार नाही. काल काकांनी पाळीवर थांबवून विचारलं, "चाक सुदरलं का?" मी त्यांच्या हातात लाईनचं टोक दिलं आणि ओढा म्हटलं. त्यांनी जाळं ओढतात तसं दोन्ही हातांनी ओढलं, चाक एकसारखं फिरलं, आणि दुसरं बेअरिंग कुठे ठेवलंय ते विचारून घेतलं. तंबाखूच्या रिकाम्या डबीत आहे, थैलीच्या बाहेरच्या कप्प्यात.