ऑडिट न झालेला ताळेबंद: कंपायलेशन घ्यायचं की रिव्ह्यू?

मार्च उलटला की जळगाव एमआयडीसीतल्या डाळमिलवाल्यापासून नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्यापर्यंत अनेकांना बँकेचा निरोप येतो: प्रोव्हिजनल (ऑडिटआधीचा, तात्पुरता) ताळेबंद द्या, सीएच्या सहीशिक्क्यासह. लगेच सीएला फोन. 'शिक्का मारून द्या ना भाऊ, त्याला काय लागतं?'

लागतं. सोबत अहवाल नसेल तर त्या शिक्क्यावरून सीएने नेमकं काय केलं हे कोणालाच कळत नाही. ऑडिट नको असेल तर रीतसर वाटा मुख्यतः दोन: कंपायलेशन आणि रिव्ह्यू.

आधी आपण कुठे बसतो ते बघा. कंपनी असेल तर उलाढाल कितीही असो, ऑडिट टळत नाही. एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) उलाढाल 40 लाखांवर किंवा भागीदारांचं भांडवल 25 लाखांवर गेलं की ऑडिट. पेढीला किंवा एकट्या मालकाला आयकराचं ऑडिट साधारणपणे 1 कोटीच्या वर. रोखीची आवक आणि जावक दोन्ही 5 टक्क्यांच्या आत असेल तर 10 कोटींच्या वर. पुढचं सगळं या मर्यादेच्या आतल्यांसाठी आहे. ज्यांचं ऑडिट सप्टेंबरात होणार पण बँकेला आकडे मे महिन्यातच हवेत, त्यांच्यासाठीही आहे.

कंपायलेशनमध्ये टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) तुमची, आकडे तुमचे, सीए फक्त ते हिशेबाच्या नियमांत नीट बसवून देतो. खरेपणा तपासत नाही, हमी देत नाही, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहितो. म्हणून डोळे मिटून बसतो असंही नाही. माहिती अर्धवट किंवा दिशाभूल करणारी दिसली तर तो दुरुस्ती मागतो. तुम्ही अडून बसलात तर काम सोडतो. सीएंची संस्था आयसीएआय हिचं एसआरएस 4410 हे यासाठीचं मानक.

रिव्ह्यूला त्याच संस्थेचं एसआरई 2400 हे मानक लागतं. इथे मर्यादित, म्हणजे ऑडिटपेक्षा कमी, हमी मिळते. निष्कर्षाची भाषा उलटी असते: आकडे चुकीचे आहेत असं वाटायला लावणारं काही आमच्या नजरेस आलं नाही. सीए स्वतंत्र असावा लागतो, म्हणजे भागीदाराचा सख्खा भाऊ असून चालत नाही.

रिव्ह्यूची हत्यारं दोन, विचारपूस आणि आकड्यांचा ताळमेळ. डाळमिलचंच घ्या. तूर भरडली की डाळीचा उतारा साधारण 70 ते 75 टक्के; बाकी चुरी, टरफल, घट. वह्यांत उतारा 62 दिसला तर रिव्ह्यू करणारा थांबणारच. माल बिनबिलाचा गेला, की शिल्लक साठा कमी दाखवला, की भरडाईसाठी आलेली दुसऱ्याची तूर आपल्या खरेदीत धरली गेली? वीजबिलाची युनिटं भरडाईशी लावून बघतो. चुरी विकल्याची नोंद आहे का, तेही बघतो. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर आणखी खोलात जातो. कंपायलेशनमध्ये हा शोध घ्यायचं बंधन सीएवर नाही. गोदामात जाऊन पोती मोजणं मात्र रिव्ह्यूतही सहसा नसतं; ते ऑडिटचं काम.

पैसा आणि वेळ रिव्ह्यूला जास्त, हे उघड आहे. पण माझ्या पाहण्यात बराचसा वेळ तपासणीत नाही, कागद गोळा करण्यात जातो. बँक जुळवणी (वहीतली बाकी आणि बँकेतली बाकी यांचा मेळ) झालेली नाही, सस्पेन्स खात्यात (कुठे धरायच्या ते न कळलेल्या) रकमा पडून आहेत, जीएसटी रिटर्नची विक्री आणि टॅलीची विक्री वेगळी, बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमधला साठा तिसराच. ही चार दुखणी मुनीमजींनी एप्रिलमध्येच निस्तरली तर दोन्ही कामं झपाट्याने होतात, आणि रिव्ह्यूची फीसुद्धा बोलून कमी करता येते. कामाच्या व्याप्तीचं पत्र मात्र आधी सही करून घ्या. नाहीतर जूनमध्ये 'मी तर रिव्ह्यू सांगितला होता' हा वाद ठरलेला.

निवड कशावरून करायची? कागद कोण वाचणार यावरून. कॅश क्रेडिटच्या (धंद्यासाठीच्या फिरत्या कर्जाच्या) नूतनीकरणासाठी बँकेला फक्त तात्पुरते आकडे हवेत, किंवा घरातल्या घरात भावाभावांत हिशेब मांडायचा आहे, तर कंपायलेशन पुरे. त्यासाठी रिव्ह्यू म्हणजे नुसती उधळपट्टी. बाहेरचा भागीदार पैसे घालतोय, जुना भागीदार हिस्सा घेऊन निघतोय, किंवा मोठा पुरवठादार उधारी वाढवण्याआधी आकडे मागतोय, तर रिव्ह्यू घ्या. भागीदार निघताना कंपायलेशनवर भागवणं मला तर धोक्याचंच वाटतं. पुढे वाद झाला तर त्या कागदात टेकू द्यायला काहीच नसतं.

रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे साठा जवळपास नसतोच. सगळा जीव उत्तरेकडच्या पार्ट्यांकडे अडकलेल्या उधारीत. त्या पार्ट्यांना पत्र पाठवून बाकी पक्की करून घेणं रिव्ह्यूत नेहमीचं नाही. तिथे शंका असेल तर रिव्ह्यूवर खर्च करू नका, सरळ ऑडिट करून घ्या.