सिंगल लिव्हर डायव्हर्टर: आठ महिने वापरून, तीन पाहुणे भिजवून

परवा नवऱ्याच्या साताऱ्याच्या आत्या आल्या. एसटीतून उतरून आलेल्या, पाय धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेल्या आणि ‘अगं बाई गं!’ करत अंबाड्यापासून इरकलीच्या काठापर्यंत निथळत बाहेर आल्या. आठ महिन्यांतल्या त्या तिसऱ्या. तेव्हा आता लिहितेच.

वस्तू सगळ्यांना माहीत आहे: बाथरूममधला, गरम-गार पाणी एकाच दांडीने सोडायचा आणि शॉवरकडे वळवायचा नळ. भिंतीत गाडलेली बॉडी, वर चकचकीत थाळी, एक दांडी, खाली बटण. बटण ओढलं की शॉवर. दांडी खाली केली की पाण्याचा दाब जातो, बटण आपसूक आत बसतं, पुढच्या माणसाला पाणी खालच्या नळाने बादलीत. पहिले दोन महिने हे अगदी बिनबोभाट चाललं, आणि मी जावेला ‘तूही हेच घे’ म्हणून सांगून बसले. तिने घेतलं. तो विषय सध्या आमच्यात काढत नाही.

मग उन्हाळा आला, सोसायटीत बोअरच्या पाण्याचे टँकर सुरू झाले. बादलीच्या कडेला बोटाने खरवडता येईल इतका पांढरा थर. बटण बाहेरच राहायला लागलं. लेक शॉवर घेऊन जाणार आणि मागून जो कोणी वाकून नळ सोडेल त्याच्या टाळक्यावर धार. बटण आत आहे की बाहेर, हे ओळखायचं अर्ध्या बोटाच्या फरकावरून. तेही चकचकीतवर चकचकीत, आणि चष्मा बाहेर बेसिनवर.

पण माझा खरा राग बटणावर नाहीच, टिकलीवर आहे. दांडीवर मसुराच्या डाळीएवढी प्लास्टिकची टिकली होती, अर्धी लाल, अर्धी निळी. दुसऱ्याच महिन्यात निघाली आणि जाळीतून गेली. गरम कुठे, गार कुठे, हे सांगणारी अख्ख्या नळावर तेवढी एकच खूण. आता सगळे दांडी मधोमध ठेवून सोडतात, कारण सरळ दिसते ना! मधोमध म्हणजे निम्मं पाणी गीझरमधून. हात धुऊन होईपर्यंत गरम पाणी पाइपातून पोचतही नाही, पण तेवढंच गार पाणी गीझरमध्ये शिरतं आणि त्याचा दिवा लागतो. आमचा गीझर 15 लिटरचा, 2000 वॉटचा. टाकीभर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 0.6 युनिट जातं. म्हणजे हात धुवायचे गार पाण्याने आणि बिल भरायचं गरम पाण्याचं.

शेवटी सर्व्हिसवाल्याला बोलावलं. नुसतं यायचे 450 रुपये. त्याने बटण काढलं, वाटीत पांढरं व्हिनेगर मागितलं (माझंच!), बटण अर्धा तास बुडवलं, जुन्या ब्रशने घासलं, बसवलं. टक्कन आत! इथे मला माझंच म्हणणं मागे घ्यावं लागतंय. बटण वाईट नाही, आमचं पाणी जड आहे. दर महिन्याला हे आपलं आपण करा, 450 वाचवा. मी मात्र ‘अजून एक महिना जाऊ दे’ म्हणत राहिले आणि आत्या भिजल्या, ही चूक माझी.

टिकलीचं विचारलं, तर म्हणाला, ‘ताई, ती सुटी येत नाही. पूर्ण हँडल घ्यावं लागेल, 1850.’ एका टिकलीसाठी 1850! जुन्या घरी दोन वेगळे कॉक होते. डावा गरम, उजवा गार, गळायला लागला की दहा रुपयांचा वायसर. दिसायला ओबडधोबड, पण अंधारातसुद्धा चुकायचं कुणी नाही.

तेव्हा माझ्याच पाकिटातली एक लाल टिकली काढून थाळीवर डावीकडे चिकटवली. चार-पाच अंघोळींत सुटते, मग नवी लावते. 1850 काही मी देणार नाही.

आज सकाळी आत्यांनी ती बघितली. म्हणाल्या, ‘हळदही लाव आणि ओटी भर. मग तरी शांत होईल.’