डिटेलिंग व्हॅनचं मळकं पाणी: गोळा करून न्यायचं, गाळून परत वापरायचं, की मुळात कमीच वापरायचं?

घरोघरी जाऊन गाड्या धुवायला डिटेलिंगची व्हॅन घेतली, प्रेशर वॉशर बसला, फोम गन आली. आता प्रश्न उरतो तो गाडीखालून वाहत जाणाऱ्या पाण्याचा. मला तो नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत विचारला गेला. पांढऱ्या क्रेटाचा फेस उताराने जाळीच्या गटारात चालला होता. फिरायला निघालेल्या एक आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे बाळा, हे पाणी जातं कुठे?" मी म्हटलं, "ड्रेनेजला, आजी." त्या म्हणाल्या, "ते ड्रेनेज नाही रे, पावसाचं गटार आहे. सरळ नदीत जातं."

आजी बरोबर होत्या. घरातलं सांडपाणी भुयारी गटारीतून तपोवन, आगरटाकळीसारख्या मलनिस्सारण केंद्रांकडे जातं. रस्त्याकडेच्या जाळीत पडलेलं पाणी मात्र पावसाळी गटारीतून नाल्यात जातं, तिथून नासर्डीत, वालदेवीत किंवा थेट गोदावरीत. वाटेत त्यावर कुठलीच प्रक्रिया होत नाही. गंगापूर रोड तर रामकुंडाच्या वरच्या अंगाला आहे. आपल्या पाण्यात साबणाबरोबर ब्रेकची धातूमिश्रित काळी भुकटी, तेल आणि डांबर असतं. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २४ नुसार दूषित पाणी जाणूनबुजून प्रवाहात सोडायला मनाई आहे, आणि व्हॅन छोटी आहे म्हणून त्यात सूट नाही. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे. ज्या पाण्यात लोक श्रद्धेने डुबकी मारणार, त्यात माझा फेस जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मग करायचं काय? रस्ते तीन आहेत. मी तिन्ही वापरून पाहिलेत. पण आधी आकडे बघा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

छोटा प्रेशर वॉशर मिनिटाला ६-७ लिटर पाणी फेकतो. वीस लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन तुमचा स्वतः मोजा. बंदूक शिस्तीने चालवली तर एका गाडीला ६०-७० लिटर लागतं. दिवसाला सहा गाड्या म्हणजे ४०० लिटर, म्हणजेच ४०० किलो. छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपास ओझं नेतो, आणि त्यात जनरेटर, वॉशर, व्हॅक्यूम, टाक्या, एक मदतनीस हे सगळं आलं. बरेच जण घाबरतात की स्वच्छ पाणी ४०० आणि मळकं ४०० म्हणजे वजन दुप्पट होणार. तसं होत नाही. जेवढं स्वच्छ पाणी खाली होतं, जास्तीत जास्त तेवढंच मळकं वर येतं. दुप्पट लागते ती जागा. म्हणून टाक्या व्हॅनमध्ये ठेवण्याआधी मोजपट्टी घेऊन बसा. दोन्ही टाक्या चाकांच्या मधोमध आणि जमेल तितक्या खाली असू द्या. अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडीला ओढते. आत आडव्या पट्ट्या असलेली टाकी मिळाली तर तीच घ्या.

पहिला रस्ता: सगळं गोळा करून आपल्या जागेवर न्यायचं

ही सर्वात सरळ पद्धत. गाडी पीव्हीसी ताडपत्रीच्या मॅटवर उभी करायची. मॅटच्या कडांना फोमचा चार इंची बांध असतो. काम संपलं की वेट-ड्राय, म्हणजे पाणीही ओढणाऱ्या व्हॅक्यूमने पाणी ओढून मळक्या टाकीत घ्यायचं.

मॅटची गंमत पहिल्याच दिवशी कळते. साडेपाच बाय तीन मीटरची मॅट म्हणजे साडेसोळा चौरस मीटर. तिच्यावर ६० लिटर पाणी पसरलं तर थर होतो जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा. सपाट जागी व्हॅक्यूमचं तोंड या थरावरून फिरवत बसलात तर पाण्यापेक्षा हवाच जास्त ओढली जाते आणि अर्धा तास जातो. उतार असला की पाणी एका कोपऱ्यात जमतं आणि पाच-सात मिनिटांत उरकतं. नाशिकच्या बंगल्यांच्या पोर्चला बहुधा फाटकाकडे उतार असतो, त्याचा फायदा घ्या. सपाट पार्किंगमध्ये मॅटच्या एका बाजूखाली लाकडाच्या पट्ट्या सरकवा. आणि चाकं फिरवायची नाहीत. मॅटवर उभ्या गाडीचं स्टेअरिंग कुणी फिरवलं की मॅट तिथेच फाटते. माझी पहिली मॅट अशीच गेली.

दुसरी अडचण फेसाची. व्हॅक्यूमच्या ३० लिटरच्या ड्रममध्ये पाणी दहा लिटर आणि फेस वीस लिटर, असं चित्र दिसतं. आतला फ्लोट वर येतो आणि ओढणं बंद पडतं. कमी फेसाचा शॅम्पू आणि चमचाभर डिफोमर, म्हणजे फेस मोडणारं औषध, एवढ्यावर ही कटकट मिटते. फोम गनचा जाड पांढरा थर गिऱ्हाइकाला आवडतो हे मला ठाऊक आहे, पण गाडी त्याने जास्त स्वच्छ होत नाही.

गोळा केलेलं पाणी सोडायचं कुठे, याचं उत्तर व्हॅन घ्यायच्या आधी हवं. आपल्या जागेत भुयारी गटारीचं चेंबर असेल तर आधी तीन कप्प्यांचा तेल-गाळ सापळा बांधा, महापालिकेच्या ड्रेनेज विभागाकडून लेखी परवानगी घ्या आणि मगच सोडा. जागा नसेल तर स्वतःची शुद्धीकरण व्यवस्था असलेल्या एखाद्या वॉशिंग सेंटरशी महिन्याचा ठराव करा. मी दोन वर्षं तसंच केलं.

दुसरा रस्ता: गाळून पुन्हा वापरायचं

व्हिडिओत हे फार सुंदर दिसतं. व्हॅनमध्ये निळ्या फिल्टरची रांग, एका बाजूने काळं पाणी आत, दुसऱ्या बाजूने पांढरं बाहेर. प्रत्यक्षात यातले बरेचसे पैसे चुकीच्या जागी जातात.

साखळी अशी असते: गाळ बसवणं, तेल शोषणारे पॅड, ५० मायक्रॉनची बॅग, मग ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज, शेवटी ॲक्टिव्हेटेड कार्बन. यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी पहिली. आणि नेमकी तीच चालत्या व्हॅनमध्ये होत नाही. इंदिरानगरहून पंचवटीत जाईपर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरला टाकी घुसळली जाते. गाळ बसायला वेळच मिळत नाही, सगळी घाण कार्ट्रिजवर येते आणि चार गाड्यांत ते तुंबतं. सतत कार्ट्रिज बदलत राहिलात तर पाण्याच्या टँकरपेक्षा ते महाग पडतं.

त्यात आपल्याकडची काळी माती. निफाड-दिंडोरीकडून आलेल्या पिकअपच्या चाकांना चिकटलेली ती माती इतकी बारीक असते की रात्रभर ठेवूनही पाणी चहासारखं गढूळ राहतं. तिच्यावर उपाय आपल्या घराघरांतला आहे: तुरटी. फक्त अंदाजाने टाकू नका. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. मळक्या पाण्याच्या एक-एक लिटरच्या तीन बाटल्या भरा आणि त्यांत हे द्रावण ५, १० आणि २० मिली घाला. मिनिटभर जोरात हलवा, पाच मिनिटं हळूहळू घोळवा आणि अर्धा तास ठेवून द्या. ज्या बाटलीत कमीत कमी तुरटीत पाणी निवळलं, तेच तुमचं प्रमाण. १० मिलीची बाटली जिंकली तर २०० लिटरला दोन लिटर द्रावण, म्हणजे फक्त २० ग्रॅम तुरटी. पहिल्यांदा बाटलीत मातीचे कापसासारखे पुंजके होऊन खाली बसताना पाहिले तेव्हा मी मुलाला हाक मारून दाखवलं होतं.

पण निवळलेलं पाणी आणि स्वच्छ पाणी या दोन वेगळ्या गोष्टी. गाळल्याने पाण्यातले क्षार निघत नाहीत. विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर लावून बघा: फिल्टरच्या आधी जेवढा आकडा, जवळपास तेवढाच नंतर. दर फेरीला तो वाढतच जातो. बोअरचं पाणी आधीच जड. ते दोनदा फिरवून काळ्या गाडीवर शेवटचं मारलंत आणि ऊन लागलं, की बॉनेटभर पांढरे ठिपके उठतात. ते काढायला पॉलिश लागतं. साबणही पूर्ण जात नाही. कार्बन थोडा शोषतो, पण लवकर दमतो. आणि साबणात विरघळून एकजीव झालेलं तेल पॅडला पकडता येत नाही, म्हणून तेल लवकर सोडून देणारा, क्विक-ब्रेक प्रकारचा साबण लागतो. आरओ बसवू का, असं विचारणारे असतात. साबण आणि तेलाने पडदा चोंदतो, आणि आरओ पुन्हा काही पाणी फेकतंच. व्हॅनपुरतं त्याच्या नादी लागू नका.

वास हा वेगळाच विषय. एप्रिलच्या उन्हात बंद टाकीत मळकं पाणी रात्रभर राहिलं तर सकाळी सडक्या अंड्याचा वास येतो. फिशटँकचा हवेचा पंप रात्रभर लावला की बराच फरक पडतो. काही जण क्लोरीन टाकतात. त्यांना हात जोडून सांगतो: चाकांसाठी ॲसिडवालं क्लीनर वापरत असाल तर त्या टाकीत क्लोरीन अजिबात टाकू नका. ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद व्हॅनमध्ये तो जिवावर बेतू शकतो.

मग पुनर्वापर वाईट का? नाही. चुकते ती जागा. गाळण्याची व्यवस्था व्हॅनमध्ये करण्याऐवजी आपल्या गाळ्यात करा. दोन ५०० लिटरच्या टाक्या, एक उंचावर आणि एक खाली. संध्याकाळी मळकं पाणी वरच्या टाकीत चढवायचं, तुरटी द्यायची आणि झोपायला जायचं. सकाळी वरचं निवळलेलं पाणी पॅड, बॅग आणि कार्बनमधून सावकाश खालच्या टाकीत उतरवायचं. नळ गाळाच्या वर हातभर उंचीवर बसवा. हे पाणी फक्त पहिल्या धुण्याला वापरायचं: चाकं, मडगार्ड, खालची बाजू. शेवटचं पाणी नेहमी ताजं. आठवड्यातून एकदा साठा पूर्ण बदलायचा. एवढ्यावर माझं ताजं पाणी साधारण निम्म्यावर आलं. तळाचा गाळ आणि तेलाचे पॅड वेगळ्या डब्यात साठवा आणि वापरलेलं ऑइल अधिकृतपणे उचलणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत नाही, झाडांच्या आळ्यात तर नाहीच.

तिसरा रस्ता: पाणीच कमी

रिन्सलेस वॉशला आठ-दहा लिटरची एक बादली पुरते. द्रावणात भिजवलेला मायक्रोफायबर फिरवायचा, दुसऱ्याने पुसायचं. खाली जवळपास काही सांडत नाही, त्यामुळे मॅटही लागत नाही. दर आठवड्याला धुतल्या जाणाऱ्या, कॉलेज रोड ते ऑफिस एवढंच फिरणाऱ्या गाडीला हे पुरेसं आहे. नऊ-दहा टॉवेल लागतात. ते घरी मशिनमध्ये धुतले की त्यांचं पाणी आपोआप ड्रेनेजला जातं.

चिखल असेल तर मात्र हे करू नका. वाळूचा कण टॉवेलखाली आला की रंगावर रेघ उठते, आणि ती गिऱ्हाइकाला संध्याकाळच्या उन्हात दिसते. जून ते सप्टेंबर हा रस्ता निम्म्या गाड्यांना बंदच समजा. वाफेचं मशिन आतली सीट, एसीच्या जाळ्या, दारांच्या फटी यांना उत्तम. बाहेरच्या चिखलाला नाही. स्टिकर आणि पीपीएफच्या (रंगावर चिकटवलेल्या पारदर्शक संरक्षक फिल्मच्या) कडांपासून ते लांब ठेवा.

कुणी काय घ्यावं

परवा देवळाली कॅम्पच्या एका मुलाचा फोन आला: "दादा, फिल्टर प्लांटचं कोटेशन आलंय, घेऊन टाकू का?" मी विचारलं, गिऱ्हाईक कोण? तो म्हणाला, बहुतेक सोसायट्या, थोडे बंगले. त्याला सांगितलं, प्लांट राहू दे. दहा हजारांच्या आसपासचा चांगला वेट-ड्राय व्हॅक्यूम घे, मापाची मॅट शिवून घे, २०० लिटरची मळक्या पाण्याची टाकी बसव आणि नियमित गाड्यांना रिन्सलेसवर आण. दिवसाकाठी दोन-तीनच गाड्या पाण्याने धुवाव्या लागतील आणि तेवढं पाणी सहज वाहून नेता येईल.

अंबड-सातपूरच्या कंपन्यांच्या गाड्या किंवा टेम्पोचा ताफा धरला असेल तर गणित बदलतं. तिथे रोज एकाच जागी बरंच पाणी लागतं, आणि गाळ्यातली गाळण्याची व्यवस्था पैसे परत देते. कंपनीचा स्वतःचा शुद्धीकरण प्रकल्प असेल तर आधी त्यांनाच विचारा, कधी कधी ते पाणी घेतात. द्राक्षबागांच्या पिकअप धुणाऱ्यांनी मात्र पुनर्वापराच्या फंदात पडू नये. त्या गाड्यांवर मोरचूद आणि फवारणीच्या औषधांचे थर असतात, ते विरघळून पाण्यात उतरतात आणि आपली गाळणी त्यांना अडवत नाही. त्या पाण्याचे तुषार दुसऱ्या दिवशी तुमच्याच मदतनिसाच्या तोंडावर उडणार. ते पाणी वेगळं ठेवा आणि शुद्धीकरण असलेल्या केंद्रातच द्या.

वीजही लक्षात घ्या. वॉशर आणि व्हॅक्यूम एकाच वेळी सुरू केले तर छोटा जनरेटर बंद पडतो. आधी धुवा, मग ओढा.

आणि मळक्या टाकीच्या तळाच्या व्हॉल्व्हला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. रात्री आठ वाजता दमलेल्या पोराला गाळ्यापर्यंत जायचा कंटाळा येतो आणि वाटेत नासर्डीचा पूल लागतो.