बिलावर फक्त ‘टायर २० इंच, ४ नग’

पुण्यातल्या एका पोर्शे ७१८ केमनला चार टायर बसवले गेले. पैसे घेतले ते नव्या, एन मार्क (पोर्शेच्या मान्यतेची खूण) असलेल्या, एकाच बनावटीच्या चार टायरांचे. आठ महिन्यांनी ताशी नव्वदच्या पुढे सीटखाली थरथर जाणवायला लागली. स्टिअरिंग थरथरलं तर सहसा पुढची चाकं बघायची, सीट थरथरली तर मागची. बॅलन्सिंग करूनही फरक पडेना, म्हणून दुसऱ्या ठिकाणी टायर रिमवरून उतरवले.

पुढचे दोन्ही टायर अस्सल निघाले, एन१, पण २०१७ च्या ३१व्या आठवड्यात बनलेले. मागचा उजवा एन१, २०२३ चा. मागचा डावा त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, पण त्याच्यावर एन मार्कच नाही. तारखेची जागा घासून टाकलेली आणि आत, खांद्याजवळ (नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे), मशरूम पॅच, म्हणजे पंक्चर बुजवणारी, आतून चिकटवलेली ठिगळ.

चौघांत नकली एकही नव्हता. महागड्या गाडीचा मालक ‘डुप्लिकेट तर नाही ना’ एवढीच शंका काढतो, दुकानदार हसत कंपनीचं नाव दाखवतो आणि विषय संपतो. या मापांच्या टायरांत खरी फसवणूक नावाची नसते. ती वयाची, प्रकाराची आणि वापराची असते, आणि टायर रिमवर चढला की तिचा निम्मा पुरावा झाकला जातो.

आधी मार्कचं बघू. २० इंची चाकं असलेल्या ७१८ ला पुढे २३५/३५ झेडआर २० (८८वाय) आणि मागे २६५/३५ झेडआर २० (९५वाय) लागतात: आधी रुंदी मिलिमीटरमध्ये, मग बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, मग रिमचे इंच, कंसात भार आणि वेग. याच मापाचा, याच नावाचा टायर कंपनी दोन-तीन प्रकारांत बनवते. पोर्शेने आपल्या गाडीवर तपासून मान्य केलेल्यावर एन० असतं, त्याच टायरची पुढची सुधारित आवृत्ती एन१, मग एन२. अलीकडच्या मॉडेलांसाठी एनच्या पुढे आणखी एक अक्षर येतं, उदाहरणार्थ एनए१. मर्सिडीजचं एमओ, ऑडीचं एओ, मॅकलॅरनचं एमसी, बीएमडब्ल्यूचा तारा, हे सगळं त्याच जातीचं. नक्षी तीच दिसते, पण आतली बांधणी किंवा रबराचं मिश्रण वेगळं असू शकतं. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नावाचे आणि एकाच एन आकड्याचे असावेत, असं पोर्शेचं सांगणं आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एन नसलेला चांगला टायर म्हणजे विष नव्हे. चारही तसेच, एकाच प्रकारचे घेतले, माप, भार आणि वेग बरोबर असला आणि किंमतही त्याचीच दिली, तर तो मालकाचा निर्णय. पण एका एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, एक एन१ आणि एक साधा, हा निर्णय नव्हे, दुकानात उरलेला माल खपवणं आहे.

मापातली चलाखी याहून सोपी. ‘२६५ मिळत नाही साहेब, २५५ घाला, काही फरक पडत नाही.’ फरक मोजून बघा. २६५/३५ च्या २० इंची टायरचा व्यास ६९३.५ मिलिमीटर, २५५/३५ चा ६८६.५. पुढच्या २३५/३५ चा ६७२.५. म्हणजे पुढच्या-मागच्या व्यासांतला फरक २१ वरून १४ मिलिमीटरवर येतो. गाडीचं एबीएस आणि पीएसएम (गाडी घसरू न देणारी पोर्शेची यंत्रणा) चाकांच्या वेगांची तुलना करून ठरवतं की कोणतं चाक घसरतंय. त्या तुलनेचा पायाच हलतो. भाराचा आकडाही असाच गिळला जातो. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ९५ म्हणजे ६९०. वेगाच्या अक्षरात डब्ल्यू ताशी २७० किलोमीटरपर्यंत, वाय ३०० पर्यंत, आणि कंसातला वाय म्हणजे ३०० च्याही पुढे. ‘इथे कुठे तीनशेने पळवणार’ हे खरं असलं तरी पैसे वायचे घेऊन डब्ल्यू देणं खोटंच.

आता तारीख. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३११७ म्हणजे २०१७ चा ३१वा आठवडा. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की पूर्ण ओळ बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असते आणि दुसऱ्या बाजूला तिचा फक्त आधीचा भाग. स्पोर्ट टायरला आतली आणि बाहेरची बाजू ठरलेली असते. त्यामुळे आकडे बाहेरून दिसत नसतील तर ते गाडीच्या पोटाकडे आहेत, आणि रॅम्पवर घेतल्याशिवाय दिसायचे नाहीत. केमनच्या पुढच्या जोडीचं नेमकं हेच झालं होतं. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो २०२३ च्या एका टायरचा होता, बहुधा मागच्या उजव्याचाच. चार टायरांचा सौदा एका फोटोवर झाला.

टायर न वापरताही म्हातारा होतो. रबरातली तेलं आणि ओझोनपासून वाचवणारं मेण हळूहळू बाहेर पडतं, रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात पकड जाते. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढलेला माल लवकर जातो. सहा वर्षांपुढचे टायर गाडीवर ठेवू नका, असं पोर्शेच्या पुस्तकात असतं. दोन वर्षांचा, सावलीत नीट ठेवलेला टायर मात्र घ्यायला हरकत नाही. भाव तेवढा पाडून घ्या.

जुना टायर नव्यासारखा दिसतो तो सिलिकॉन पॉलिशमुळे. ओल्या फडक्याने साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, घासून बघा. बोटांना तेलकटपणा लागला तर विचारा की नव्या मालाला पॉलिश कशाला. टॉर्च आडवी धरून खाचांच्या तळाशी बघा, केसासारख्या चिरा तिथे आधी दिसतात. रबराचा कडकपणा मोजणारं शोर ए ड्युरोमीटर हाताशी असेल तर उत्तम, पण एकट्या आकड्यावर जाऊ नका. तो हवेच्या तापमानाबरोबर बदलतो. चारही टायर एकाच सावलीत ठेवून एकमेकांशी ताडून बघा, म्हातारा लगेच वेगळा पडतो.

तारीख घासलेली कशी ओळखायची? साच्यात ते चार आकडे वेगळ्या छोट्या पट्टीवर असतात, कारण ती दर आठवड्याला बदलावी लागते. त्यामुळे अस्सल तारखेभोवती लंबगोल किंवा चौकोनी बारीक कड असते. नखाने चाचपून बघा. कड तुटलेली, आजूबाजूचं रबर धुरकट, साच्याच्या बारीक रेषा तेवढ्याच जागी पुसलेल्या, असं असेल तर तिथे ग्राइंडर फिरला आहे. केमनच्या मागच्या डाव्या टायरवर दोन बोटांएवढा असा पट्टा होता. त्यावर काळा रंगही फासला होता, तो नखाने निघाला.

वापरलेल्या टायरची खूण नक्षीत शोधू नका, बीडमध्ये शोधा, म्हणजे रिमवर बसणाऱ्या काठात. टायर एकदा रिमवर चढला-उतरला की तिथे मशीनच्या पट्टीचे ओरखडे आणि रिमच्या कडेची चमकदार रेघ राहते. रबराचे बारीक केस दाखवून ‘बघा, केसही गेले नाहीत’ म्हणतात, त्यावर विसंबू नका. साइडवॉलवरचे केस हजारो किलोमीटर चालल्यावरही शाबूत राहतात. आतून हात फिरवा, मोबाइलचा दिवा लावून अख्खं वर्तुळ बघा. पॅच आत असतो. खांद्याजवळचं पंक्चर मुळात दुरुस्तच करायचं नसतं, कारण तो भाग प्रत्येक फेरीत वाकतो आणि पॅचची कड सुटत जाते.

नक्षीची खोली मोजणारा डेप्थ गेज स्वस्तात मिळतो. केमनच्या मागच्या उजव्याला ७.१ मिलिमीटर भरले, डाव्याला ४.६. एकाच दिवशी बसवलेले, एकाच एक्सलवरचे, आणि फरक ३५ टक्के. पोर्शे एका एक्सलवर ३० टक्क्यांपर्यंतच चालवून घेते. पाणी साचलेल्या रस्त्यावर डावा आधी तरंगणार, उजवा धरून ठेवणार, आणि इंजिनाची ताकद याच दोघांवर.

हा माल येतो कुठून? २००९ च्या गुणवत्ता आदेशानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीच्या नव्या टायरवर आयएसआय मार्क लागतो. कारसाठी मानक आयएस १५६३६, सोबत सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून बघता येतो. जून २०२० मध्ये नव्या टायरांची आयात ‘मुक्त’मधून ‘निर्बंधित’ यादीत गेली. दुर्मीळ मापांसाठी थांबावं लागतं ते यामुळेही. ‘अधिकृत ठिकाणी वाट बघा, आमच्याकडे उद्या बसवून देतो’ हे वाक्य त्या थांबण्यावर जगतं.

सगळ्यात मोठी चूक बिलात झाली. मिळाली ती ‘एस्टिमेट’ छापलेली चिठ्ठी, त्यावर ‘टायर २० इंच, ४ नग’. ना कंपनी, ना माप, ना एन, ना तारीख. पक्कं बिल घेतलं तर जीएसटी द्यावा लागेल, हे आमिष. नव्या टायरवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के आहे, आधी २८ होता. पक्क्या बिलात एचएसएन, म्हणजे मालाचा वर्ग सांगणारा, क्रमांकही बघा: नव्या हवेच्या टायरचा ४०११, रीट्रेड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) किंवा वापरलेल्याचा ४०१२. वापरलेला टायर ४०११ खाली नवा म्हणून विकला तर तो खोटेपणा विक्रेत्याच्याच कागदावर येतो. म्हणूनच असे लोक कागद टाळतात.

आगाऊ रक्कम देण्याआधी चारही टायरांच्या पूर्ण डीओटी ओळींचे, एन मार्कचे आणि भार-वेगाच्या आकड्यांचे वेगवेगळे फोटो मागवा. तेच चार क्रमांक बिलावर लिहून घ्या. गाडी ‘पिक-अप’ला देऊ नका, टायर रिमवर चढताना समोर उभे राहा. अर्धा तास जातो, जाऊ दे.

फसलात तर टायर उतरवताना व्हिडिओ काढा आणि टायर ताब्यात ठेवा. बिलावर ‘विकलेला माल परत नाही’ छापलं म्हणून विक्रेता सुटत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलातल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं. हेल्पलाइन १९१५. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर समोरचा वकील ‘व्यावसायिक वापर’ हा मुद्दा काढणारच, त्याची तयारी आधी करा.

आणि नवे बसवताना उतरलेले जुने टायर. ‘राहू द्या साहेब, आम्ही टाकून देतो.’ टाकत नाहीत. तीन-चार मिलिमीटर नक्षी उरलेला एखादा पॉलिश होऊन, तारीख घासून, पुढच्या कुणाच्या तरी गाडीवर बसतो. सोडूनच यायचे असतील तर निघण्याआधी कटर मागून प्रत्येकाच्या साइडवॉलवर आरपार छेद द्या. दुकानदाराचा चेहरा पडला तर तो माल पुढे कुठे जाणार होता ते कळतं.