ज्येष्ठांसाठीचा म्हणून घेतलेला फोन: पावसाळ्यापासून उत्तरायणापर्यंतचा अनुभव

कंपनीचं नाव लिहीत नाही. मला जे म्हणायचंय ते या जातीच्या बहुतेक फोनांना लागू पडेल. मुलानं गेल्या पावसाळ्यात बडोद्यातल्या मंगळ बाजाराजवळच्या दुकानातून घेऊन दिला. दुकानदार खोका उघडताना म्हणाला, "मासी, आ तो बहु सहेलो छे." (मावशी, हा तर फार सोपा आहे.) माझं वय ७३, आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, राहायला दांडिया बाजारात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून मला स्वच्छ दिसतं. कुरकुर आहे ती बोटांची. आणि हा फोन बनवणाऱ्यांनी म्हातारपण म्हणजे अधू नजर, एवढंच धरलेलं आहे.

"सोपा मोड" चालू केला की सहा मोठे चौकोन आणि टपोरी अक्षरं येतात. पहिले काही दिवस छान वाटतं. मग बँकेचं ॲप उघडायची वेळ येते. तिथे अक्षर मोठं झालं, पण बटणाची उंची होती तेवढीच राहिली. रोमन अक्षरांना ती पुरते. आपल्याला वर मात्रा हवी, खाली उकार हवा. त्यामुळे "पुढे"च्या जागी "पढ" उरलं. अक्षर दोन पायऱ्या लहान करून, वाचायच्या वेळी पडद्यावर तीनदा टिचकी मारून तेवढाच भाग मोठा करायचा, हा उपाय मला जास्त मानवला. ही भिंगाची सोय साध्या अँड्रॉइड फोनमध्येही असते, "सुलभता" या सदराखाली.

आता बोटांचं. पडद्यात विद्युत धारितेचं, म्हणजे विजेचा भार साठवण्याच्या क्षमतेचं, बारीक जाळं असतं. बोट टेकलं की तिथली धारिता बदलते आणि फोनला स्पर्श कळतो. वयानं त्वचा कोरडी पडते, मग हा बदल क्षीण होतो. थंडीत तर फोन मला ओळखेचना. दुकानदारानं चिकटवलेली जाड काच काढून टाकल्यावर जरा ताळ्यावर आला. याच्या उलट त्रास म्हणजे बोट उचलायला किंचित उशीर झाला, की फोनला वाटतं मी दाबून धरलंय. चिन्हं जागची हलतात, नको ते पुसू का म्हणून विचारतो. विठ्ठलमंदिराच्या भजनी मंडळाचा शॉर्टकट असाच गायब झाला. यावरही "सुलभता"मध्येच उपाय आहे: "स्पर्श करा आणि धरून ठेवा" याचा विलंब "जास्त" ठेवायचा. त्या दिवसापासून फोन माझ्या चालीनं चालायला लागला. पण खास आमच्यासाठी म्हणून विकलेल्या फोनवर हे आधीच करून का दिलं नव्हतं? उलट सोप्या मोडनं सेटिंग्जच इतकी आत दडवली होती की नातवाला फोन करावा लागला.

जपानमध्ये फुजित्सूनं डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी राकुराकु हे ज्येष्ठांसाठीचे फोन २००१ सालीच आणले. पुढे त्यांच्या स्मार्टफोनला असा पडदा दिला की नुसतं टेकल्यानं काही होत नाही, जरा दाबल्यावरच होतं. असा विचार आपल्याकडच्या "सीनियर फोन"मध्ये मला दिसला नाही.

वेळेचं गाऱ्हाणं सगळ्यात मोठं. ओटीपी येतो, मी चष्मा चढवते, संदेश उघडते, आकडे लक्षात ठेवून परत जाते, तोवर "वेळ संपली". फोनवर क्षणभर दिसून जाणाऱ्या सूचना दोन मिनिटांपर्यंत थांबवता येतात, तशी सेटिंग आहे. बँकेचं घड्याळ मात्र फोनचं ऐकत नाही. सुरक्षेचं कारण मला कळतं. पण वेबच्या आंतरराष्ट्रीय सुलभता-निकषांत, वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवायची सोय हवी, ही अगदी प्राथमिक पातळीची अट आहे. निदान एकदा विचारावं, आणखी वेळ हवाय का म्हणून.

मागच्या बाजूला लाल एसओएस बटण आहे, संकटात मदत मागायचं. कल्पना चांगली, जागा चुकली. खंडेराव मार्केटात पिशवीत मेथीच्या जुड्या कोंबल्या आणि आतून भोंगा सुरू झाला. भाजीवाली घाबरली, मुलाचा ऑफिसातून फोन, सगळं झालं. आता ते बंद ठेवलंय. ११२ लावणं मला येतं.

चांगला अनुभव आला तो नोव्हेंबरात. यजमान रेल्वेत होते, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. जीवन प्रमाण, म्हणजे हा दाखला डिजिटल द्यायची सरकारी सोय, २०१४ मध्ये सुरू झालं तेव्हा बोटांच्या ठशांवर काम चालायचं, आणि माझे ठसे झिजलेले. यंत्रावर पाचही बोटं लावून झाली तरी हिरवा दिवा लागत नसे. २०२१ पासून चेहऱ्यावरून होतं. जीवन प्रमाण आणि चेहरा ओळखणारं आधार फेस आरडी ही दोन ॲप घातली, खिडकीकडे तोंड करून बसले, पापण्या मिटल्या-उघडल्या, काम झालं. यात "ज्येष्ठांसाठी" असं काहीही नव्हतं. ज्या गोष्टीवर माझं अडत होतं ती गाळून टाकली होती, बस.

कानांचंही तसंच. वयानं आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि फोनच्या रिंगटोन नेमक्या किणकिणाट करणाऱ्या. मी खर्जातली एक शोधून लावली. वन्संना बरंच कमी ऐकू येतं; त्या आल्या की मी लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणारं ॲप उघडून फोन मध्ये ठेवते. मराठी बरं उमटतं. गुजराती-मराठी मिसळून बोललं, म्हणजे आम्ही बडोदेकर जसं बोलतो तसं, की गोंधळतं आणि आम्ही हसतो.

कॅमेरा यथातथाच आहे, त्यावर शब्द घालवत नाही. बॅटरी दीड दिवस जाते.

वन्संना फोन घ्यायचाय. त्यांना मी सांगितलंय, सीनियर फोन नको, चांगल्या पडद्याचा साधा घ्या आणि पहिल्याच दिवशी "सुलभता" उघडून बसा. फक्त माझ्या फोनबरोबर चार्जिंगचं स्टँड आलंय, नुसतं ठेवलं की चार्ज होतो, वायरीचं टोक भोकात बसवायची खटपट नाही. तसं स्टँड वेगळं मिळत असेल तर कुणी कळवा.